कॅले ते रँस, ऐन श्रावणात

शुक्रवार

इंग्लंडची गाडी घेऊन फ्रान्समध्ये शिरायचं तर बरंच काही जवळ लागतं. गाडीचं नोंदणीपत्र, विमा, लायसन्स, मागच्या बाजूला ‘यूके’ असं स्टिकर (जुनं ‘जीबी’चं २०२१च्या सप्टेंबरपासून बाद झालं). बंद पडलो तर रस्त्यावर ठेवायचा लाल त्रिकोण. चकाकणारं जाकीट, आणि तेही डिकीत ठेवलेलं चालत नाही, बसल्या जागेवरून हाताला लागलं पाहिजे. नाही तर १३५ युरो दंड. आपले दिवे डाव्या बाजूच्या रस्त्यासाठी बसवलेले, ते तिकडे समोरच्याच्या डोळ्यांत जातात, म्हणून त्यांवर चिकटपट्ट्या. काही शहरांत शिरायला तेव्हा धुराच्या प्रतवारीचं क्रिटएअर स्टिकर लागायचं, ते आधीच टपालाने मागवून काचेवर लावलेलं होतं.

यात नसलेली एक वस्तू मामांनी स्वतः विकत आणली होती: श्वासातली दारू दाखवणारे दोन ब्रेथ अॅनालायझर, पाकिटात बंद.

माझे मामा तासगावचे. जन्मभर आरटीओत मोटार वाहन निरीक्षक होते. दोन महिन्यांसाठी मामीला घेऊन आमच्याकडे आले, आणि शेंगेन व्हिसा हातात पडल्या दिवसापासून त्यांनी आमच्या गाडीचं पासिंग करायला घेतलं. टायरच्या नक्षीत नाणं घालून पाहिलं, स्टेपनीतली हवा मोजली. कुणाच्या तरी जुन्या लेखात त्यांनी वाचलं होतं की फ्रान्समध्ये प्रत्येक गाडीत फुंकायची नळी असलीच पाहिजे.

“मामा, तो नियम रद्द झालाय.”

“जीआर दाखव.”

मी फ्रेंच राजपत्र उघडून दाखवलं. मामांना फ्रेंचचं अक्षर कळत नाही, पण क्रमांक, तारीख आणि खाली मंत्र्यांची नावं बघून त्यांचं समाधान झालं. किट मात्र डॅशबोर्डाच्या कप्प्यातच राहिलं. “रद्द झालंय म्हणजे बाळगायला बंदी नाही ना?” म्हणाले.

बंदी नव्हतीच. या नियमाची कुळकथा तशी गमतीची आहे. २०१२च्या फेब्रुवारीत फर्मान निघालं आणि १ जुलैपासून लागू झालं: लहान मोपेड सोडल्या तर प्रत्येक वाहनचालकाकडे न वापरलेला, लगेच वापरता येईल असा ब्रेथ अॅनालायझर हवा. परदेशी गाड्यांनाही सूट नाही. न वापरलेला हवा म्हटल्यावर शहाणी माणसं दोन घेऊ लागली. एक वापरला तर पोलिसांना दाखवायला दुसरा. दंड होता ११ युरो आणि तो नोव्हेंबरपासून घ्यायचा ठरलं होतं. पण एवढ्या कोट्यवधी गाड्यांना पुरतील इतक्या नळ्या आणायच्या कुठून? दुकानांतला माल संपला. दंडाची तारीख २०१३च्या मार्चवर गेली, आणि मार्च उजाडला तेव्हा सरकारने दंडाचं कलमच काढून टाकलं. नियम राहिला, शिक्षा गेली. २०२०च्या मेमध्ये नियमही गेला. म्हणजे मधली सात वर्षं कायद्याने नळी सक्तीची होती आणि नसली तर कुणी काहीच करू शकत नव्हतं.

मामांना यात काही नवल वाटलं नाही. “आपल्याकडं दारू प्यायला परवाना लागतो. मुंबई दारूबंदी कायदा, १९४९. अजून आहे. कुणाच्या खिशात बघितलास तू?”

गोपाळकाल्याचा दुसरा दिवस होता. मामीने डब्यात उरलेला काला घेतला होता, दहीपोह्यांचा. ब्रेक्झिटनंतर इंग्लंडमधून मांस किंवा दूधदुभतं युरोपीय संघात नेता येत नाही, मग ते दही असो नाही तर पेढा. तेव्हा फोकस्टनला, समुद्राखालच्या बोगद्याच्या टर्मिनलच्या पार्किंगमध्ये, रणरणत्या उन्हात, चौघांनी तो काला संपवला. उन्हात म्हणजे खरोखरच. २०२३च्या त्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये सलग सात दिवस पारा तिशीच्या वर होता. किटवर लिहिलं होतं की ते उन्हात तापू देऊ नये. मामांनी ते कप्प्यातून काढून पाण्याच्या बाटलीशेजारी, पिशवीत ठेवलं.

टर्मिनलवरच्या दुकानात ‘युरोप किट’ टांगलेलं दिसलं. त्रिकोण, जाकीट, सुटे बल्ब आणि दोन ब्रेथ अॅनालायझर. नियम जाऊन तीन वर्षं उलटली तरी विक्री चालूच. मामा माझ्याकडे बघून नुसते हसले.

फ्रेंच पोलीस फोकस्टनलाच बसतात. पाय इंग्लंडमध्ये असतानाच पासपोर्टवर फ्रान्सचा शिक्का बसला. मग गाडी आगगाडीच्या डब्यात चढवायची आणि पस्तीस मिनिटं नुसतं बसून राहायचं. मामी डोळे मिटून रामरक्षा म्हणत होती. डोक्यावर समुद्र आहे हे तिला कुणी सांगायला नको होतं, पण माझ्या नवऱ्याने सांगितलं.

कॅलेहून ए-२६ हा महामार्ग धरला की जवळजवळ सरळ रँस, शॅम्पेनच्या प्रदेशातलं शहर. आमची गाडी उजव्या स्टिअरिंगची, त्यामुळे टोलनाक्याची खिडकी डावीकडे बसलेल्याच्या वाट्याला येते. तिथे मामा होते. काच खाली करणं, यंत्रातून तिकीट ओढणं, पुढच्या नाक्यावर ते परत घालून कार्ड टेकवणं, पावतीचं बटण दाबणं, सगळं त्यांनी मन लावून केलं. पावत्यांची घडी घालून खिशात. “आयुष्यात पहिल्यांदा मी नाक्याच्या या बाजूला आहे,” हे ते दर टोलला म्हणत होते.

शनिवार

रँसहून एपर्ने तासाभरापेक्षाही जवळ आहे, पण मध्ये द्राक्षांची टेकडी लागते आणि मामा दर वळणावर गाडी थांबवायला लावतात. तोडणी चालू होती. शॅम्पेनच्या द्राक्षांना यंत्र लावायला नियमानेच मनाई आहे, सगळी हाताने तोडायची. वेली बुटक्या, आणि घड त्याहून खाली, त्यामुळे माणसं वाकून, गुडघ्यावर, काही तर बसून सरकत काम करत होती. वर ऊन. त्या उन्हाळ्यात तोडणीच्या मजुरांचे मृत्यू झाल्याच्या बातम्या तिथल्या वर्तमानपत्रांत येत होत्या.

“आपला मांडव बरा,” मामा म्हणाले. तासगावला वेल मांडवावर चढवलेली असते, माणूस खाली सावलीत उभा राहून डोक्यावरचे घड कापतो. इथे दोन ओळींमधलं अंतर बघून त्यांनी एकराला किती वेली बसत असतील याचा हिशेब केला, बेदाण्याचा काय भाव येईल तोही केला, आणि हे लोक दारूच का करतात यावर येऊन थांबले. रस्त्याकडेला पडलेला एक मणी उचलून त्यांनी चाखला. आंबट. मग उत्तर मिळाल्यासारखी मान हलवली.

ओव्हिलेर गावात दों पेरिन्यों या साधूची कबर आहे, १७१५मध्ये वारलेला. शॅम्पेन त्यानेच शोधली असं म्हणतात, ते तितकंसं खरं नाही. पण गाव देखणं आहे, दारांवर लोखंडाची कोरीव चिन्हं आहेत, आणि खाली मार्न नदी.

दुपारी एका लहान तळघरात चाखायला गेलो. चौघांत पिणारे दोन, मी आणि नवरा. मामा एरवी घेतात, पण निज श्रावण चालू होता आणि अधिक महिना धरून त्यांनी दोन महिने पाळला होता; शॅम्पेनपायी तो मोडायचा त्यांचा विचार नव्हता. मामी कधीच घेत नाही. गाडी मी चालवत होते. म्हणजे खरा गिऱ्हाईक एकटा नवरा.

चालवणाऱ्याने घोट तोंडात फिरवून भांड्यात टाकायचा, ही तिथली रीत. मी तसं केल्यावर मामीच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते सांगता येत नाही. “एवढं महागाचं आणि थुंकतेस?” मग जरा थांबून, “बरंच आहे म्हणा.” नवऱ्याने काही थुंकलं नाही. माझ्या वाटणीचंही त्याने वाया जाऊ दिलं नाही.

परतताना एका चौफुलीवर जांदार्म उभे होते. जांदार्म म्हणजे गावाकडचे पोलीस, पण सैन्याच्या शिस्तीतले. फ्रान्समध्ये कारण नसतानाही कुणालाही थांबवून फुंकायला लावता येतं; गाडी वेडीवाकडी चालली पाहिजे असं काही नाही. येईल ती गाडी ते बाजूला घेत होते. आमच्याकडे आला तो सवयीने डाव्या खिडकीशी आला आणि तिथे मामा. स्टिअरिंग शोधत त्याची नजर इकडे वळेपर्यंत मामांनी नोंदणीपत्र, विमा आणि पासपोर्ट पंख्यासारखे पसरून धरले होते.

मी काच खाली केली. शेवटचा घोट कधी घेतला, हे त्याने पहिलं विचारलं. ते विचारायचं कारण आहे: तोंडात दारूचा अंश राहिला असला तर थुंकलेलीसुद्धा यंत्राला दिसते, म्हणून थोडा वेळ जाऊ द्यावा लागतो. तास होऊन गेला होता. त्याने यंत्राला नवी नळी लावली, मी फुंकलं, शून्य आलं.

तेवढ्यात मामांनी पिशवीतून किट काढून त्याच्यासमोर धरलं. दोन. न वापरलेली. मुदतीतली.

त्याने ते हातात घेतलं, उलटं करून एनएफचा, म्हणजे फ्रेंच मानकाचा, शिक्का पाहिला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, आता हे लागत नाही, पण चांगलं आहे, ठेवा. मामांनी मान लववली. मग मला म्हणाले, “विचार त्याला, पॉझिटिव्ह आला तर पुढं काय.” मी विचारलं. मागे रांग लागलेली असूनही तो पोरगा सांगत बसला, हे मला आवडलं. हातातलं यंत्र फक्त चाळणी लावतं. त्यात अडकलात तर मोठ्या, प्रमाणित यंत्रावर फुंकायचं नाही तर रक्त द्यायचं, आणि कोर्टात तेच चालतं. खिशातल्या नळीला तिथे काही किंमत नाही.

गाडी निघाल्यावर मामा आकडे जुळवत बसले. फ्रान्समध्ये मर्यादा लिटरभर रक्तात अर्धा ग्रॅम अल्कोहोल. ०.५ पासून ०.८ पर्यंत १३५ युरो आणि लायसन्सचे सहा गुण; ०.८ झालं की तो गुन्हा, कैदही होऊ शकते. नव्या लायसन्सवाल्यांना मर्यादा ०.२, त्यांच्या गाडीमागे लाल ‘ए’ असतो. इंग्लंडमध्ये मात्र थेट ०.८ चालतं, स्कॉटलंडने २०१४च्या डिसेंबरात ते ०.५ वर आणलं. “आणि आपलं ०.३,” मामा म्हणाले. “मोटार वाहन कायदा, कलम १८५. शंभर मिलिलिटरला तीस मिलिग्रॅम. पहिल्या खेपेला दहा हजार.” या तिन्ही देशांत आपली मर्यादा सगळ्यांत कडक, याचा त्यांना झालेला आनंद लपत नव्हता. रस्त्यावर ती किती पाळली जाते हा विषय नवऱ्याने काढला, पण मामांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

रात्री जेवताना नवऱ्याने पुन्हा बाटली मागवली. दुसऱ्या दिवशी गाडी चालवायची पाळी त्याची होती.

रविवार

सकाळी आठला दारावर टकटक. मामा आंघोळ करून, गंध लावून, हातात किट घेऊन उभे.

“जावईबापू, फुंका.”

“मामा, रात्री झोपलोय की मी व्यवस्थित.”

झोपेने दारू उतरत नाही. यकृत आपल्या गतीने काम करतं, ताशी साधारण लिटरमागे ०.१ ते ०.१५ ग्रॅम, आणि कॉफी, थंड पाणी, लिंबू, आंघोळ यांपैकी कशानेही ती गती वाढत नाही. मध्यरात्री एखाद्याच्या रक्तात १.३ असेल तर सकाळी आठला तो ०.१ वरही असेल किंवा ०.५ वरही. तो फरक त्या माणसाला स्वतःला कळत नाही. माझ्या मते या किटचा उपयोग असलाच तर या वेळेचा. रात्री बारमधून निघणाऱ्याला आपण प्यायलोय हे ठाऊक असतं. सकाळी दात घासलेला माणूस स्वतःला कोरा समजतो.

पण मामांना आधी किटचीच परीक्षा घ्यायची होती. “हत्यार चालतं का ते बघायला नको? पहिलं मी फुंकतो. श्रावणातला माणूस.” म्हणून पहिलं किट त्यांनी स्वतःवर घालवलं. काचेच्या नळीत पिवळे-नारिंगी खडे. ते म्हणजे पोटॅशियम डायक्रोमेट, गंधकाम्लात भिजवलेलं. पिशवी एका दमात फुगवायची, तिला नळी जोडायची, मग पिशवी दाबून सगळी हवा नळीतून जाऊ द्यायची. श्वासात अल्कोहोल असेल तर खडे हिरवे होत जातात आणि हिरवा रंग नळीवरच्या रेघेपलीकडे गेला की ०.५ ओलांडलं. दोन मिनिटं थांबलो. मामांचे खडे पिवळेच राहिले.

मग नवऱ्याने फुंकलं.

खडे हिरवे झाले. रेघेपर्यंत आले. आणि रेघेवर की रेघेअलीकडे, यावरून हॉटेलच्या त्या खोलीत पाव तास वाद चालला. नळी दिव्याखाली धरली, खिडकीशी नेली. दिव्याखाली ती पास होती, खिडकीत नापास. नवऱ्याचं म्हणणं, अजून तासाभराने निघू तेव्हा आपोआप खाली येईल. मामी म्हणाली, मला ते शेवाळी दिसतंय. मामांनी नळी हातात घेतली, चष्मा वर केला, आणि निर्णय दिला: “पासिंग नाही. दुपारनंतर गाडी घेऊन या.”

गाडी मी चालवली. व्हेर्झीच्या जंगलात बीचची बुटकी, पिळवटलेली झाडं आहेत, फांद्या वर न जाता छत्रीसारख्या जमिनीकडे येतात, ती बघितली. दुपारी रँसचं कॅथीड्रल. फ्रान्सचे राजे जिथे अभिषेक करून घ्यायचे ते हे. दारावरचा हसरा देवदूत १९१४च्या तोफमाऱ्यात मुंडकं उडून पडला होता, नंतर जोडला. आत चित्रकार शागालच्या निळ्या काचा. मामी त्या निळ्या उजेडात बराच वेळ बसली.

जेवायला नवऱ्याने पाणी मागवलं.

सोमवार

श्रावणी सोमवार. मामीचा उपवास. फ्रान्समध्ये उपास सोपा आहे असं तिचं मत झालं: द्राक्षं, दही, आणि तळलेले बटाटे कुठेही.

परतीच्या वाटेवर ए-२६ बेत्यूनजवळ सोडून आम्ही नव्ह शापेलला गेलो. ही माझी अट होती. सपाट शेतं, एक चौक, आणि चौकाच्या कडेला पांढऱ्या दगडाचं गोल आवार, मध्ये उंच खांब, त्याच्या दोन बाजूंना दगडी वाघ. पहिल्या महायुद्धात या आघाडीवर मेलेल्या आणि कबर न सापडलेल्या सुमारे ४,७०० भारतीय सैनिकांचं हे स्मारक आहे. वास्तुकार हर्बर्ट बेकरने आखलेलं, १९२७मध्ये उघडलेलं. नावं पलटणीनुसार कोरली आहेत. आम्ही शोधत होतो ते ‘थर्ड सॅपर्स अँड मायनर्स’. ही खडकीची पलटण, आजचे बॉम्बे सॅपर्स. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी तिच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्यांना ४७व्या शीख पलटणीबरोबर या गावावर पाठवलं. सॅपर म्हणजे खंदक खणणारे, पूल बांधणारे. त्यांना पायदळासारखं घरोघर लढायला लावलं. गाव घेतलं, आणि राखायला मागून कुणी आलं नाही. जे गेले त्यांतले फार थोडे धड परतले.

मामा खडकीवरून शेकडो वेळा गेलेले. भिंतीवरची नावं त्यांनी बोट ठेवून वाचली. पुष्कळांना आडनावं नाहीत, नुसतं एक नाव. “गाव तरी लिहायचं,” ते म्हणाले. मामीने आपल्या उपासाच्या पुड्यातली दोन केळी भिंतीशी ठेवली. काही वेळाने उचलून परत घेतली. कुणीतरी झाडायला येईल, म्हणाली.

कॅलेजवळच्या मोठ्या दुकानात ब्रिटिशांची जत्रा असते. ट्रॉल्या भरभरून वाइन. परत इंग्लंडमध्ये जाताना माणशी १८ लिटर वाइन आणि ४२ लिटर बिअर नेता येते. पण शॅम्पेन त्या अठरात धरत नाहीत, ती नऊ लिटरच्या वेगळ्या खात्यात जाते. नवऱ्याला ते तिथे कळलं आणि त्याने ट्रॉलीतून काही बाटल्या गुपचूप मांडणीवर ठेवल्या.

दारूच्या मांडणीशेजारीच ब्रेथ अॅनालायझर टांगलेले होते. हा २०२१च्या जुलैपासूनचा नियम: घरी न्यायची दारू विकणाऱ्या दुकानाने मांडणीजवळ ही किटं ठेवलीच पाहिजेत. म्हणजे सक्ती गाडीच्या कप्प्यातून निघाली ती दुकानाच्या फळीवर गेली. मला हे जास्त पटतं. कप्प्यात पडून मुदत संपणाऱ्या नळीपेक्षा बाटली उचलताना डोळ्यांसमोर लटकणारी नळी परवडली. शिवाय तपासायला चार कोटी गाड्या अडवाव्या लागत नाहीत, दुकानं मोजकी असतात.

मामांनी पाकिटं एकेक करून वाचायला घेतली. शेवटी जे उचललं त्यावर ०.२ लिहिलं होतं.

“मामा, ते नव्या ड्रायव्हरांचं,” नवरा म्हणाला. “आपलं ०.५चं ते तिकडं.”

“आपलं ०.३. त्याच्या खालचं जवळचं हेच.”

“पण गाडी इंग्लंडात चालणार. तिथं ०.८ चालतं.”

“चालत असेल,” मामा म्हणाले, आणि दोन पाकिटं ट्रॉलीत, बरोबर त्याच्या बाटल्यांवर ठेवली. “मुदत २०२५पर्यंत आहे. गणपतीत आरतीनंतर कुठं जायचं असलं तर आधी या नळीला विचारा.”